भिंगरीचं नवं कार्ड आणि माझा बोका

सोमवार, ता. ६

मला अक्षरओळख नाही, म्हणून या वहीत बोलणं माझं आणि अक्षर नातीचं. नातीला मी भिंगरी म्हणते, कारण ती चालायला शिकायच्या आधी गोल फिरायला शिकली. आता कॉलेजात जाते, तरी फिरणं सुटलेलं नाही. फरक इतकाच की आता खुर्ची फिरते आणि ही वर बसलेली असते. आमचा करार असा : मी तिच्या खोलीत बसायचं पण तिच्या खेळात तोंड घालायचं नाही, आणि खेळ आटोपला की तिने माझं दिवसभराचं पुराण उतरवून घ्यायचं. तोंड न घालणं मला जमत नाही. उतरवून घेणं तिला चुकत नाही. असा करार सगळ्यांना मिळो.

आज तिच्या टोळीतल्या एकाने तिला कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आणून दिलं. कार्ड म्हणे! मला वाटलं पत्रिकेसारखं काही असेल. निघाली चांगली जाडजूड वीट, वर तीन पंखे. त्याने स्वतःला याहून मोठं घेतलंय, तेव्हा हे भिंगरीने पुढच्या रविवारपर्यंत, म्हणजे एकोणीस तारखेपर्यंत, चालवून बघायचं. नीट चाललं तर तिचं, नाहीतर परत.

त्याच रविवारी, दुपारी, त्यांचा सामना आहे. पाच जणांनी डोंगरावर मशाल न्यायची आणि दुसऱ्या पाच जणांनी ती विझवायची. सगळे आपापल्या घरी बसून खेळतात, डोंगर मधल्यामध्ये. भिंगरी पहिल्यांदाच टोळीची कप्तान झालीय. जुन्या कार्डात त्या डोंगरावरची झुडपं बुरसटलेल्या फडक्यासारखी दिसायची, आत माणूस लपलाय की म्हैस ते कळायचं नाही. कप्तानाची अशी फजिती बरी नाही.

माझ्या बोक्याचंही लिहून ठेव म्हटलं. बोका म्हणजे माझा तेलाचा हीटर. सूनबाई नर्स आहे, तिने माझ्या गुडघ्यांसाठी आणला. त्याला चाकं आहेत. मी जाईन तिथे मागून येतो, ऊब देतो आणि उलट बोलत नाही. या घरात असं दुसरं कोणी नाही. भिंगरीच्या खोलीत आले की मी त्याला पलंगाखाली सारते, त्याची शेपटी टेबलाखालच्या बोर्डात खुपसते आणि अंगठ्याने बटण दाबते. पायाच्या. वाकायचं वय गेलं.

मंगळवार, ता. ७

कार्ड बसलं. भिंगरीने कॉम्प्युटरची एक कूस उघडून जुनं काढलं, नवं घातलं, आणि खेळ सुरू झाल्यावर आम्ही दोघी काही वेळ नुसत्या आ वासून बसलो. पान न् पान वेगळं. वारा आला की एकेक हलतं. मी सहज म्हटलं, ते डावीकडचं झुडूप वाऱ्याच्या उलट हलतंय. भिंगरीने तिकडे बाण सोडला तर आतून माणूस कोलमडला. टोळीतली पोरं तिच्या कानावरच्या यंत्रात ओरडायला लागली म्हणे, कोणी पाहिलं, कोणी पाहिलं. मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे लांबचं फार छान बघतात. जवळचं बघण्यासारखं काही उरलेलंही नाही.

पण मजा फार टिकली नाही. थंडी वाढलीय, म्हणून मी बोक्याचा कान एकावरून दोनावर पिरगाळला आणि मांडी घालून बसले. थोड्या वेळाने फट्ट. खेळ गेला, दिवा गेला, सगळी खोली गपगार. बाहेरच्या पेटीतला या खोलीचा खटका पडला होता.

मुलगा धावत आला. तो विमा कंपनीत आहे, जळालेली दुकानं बघायला जातो. त्यामुळे त्याला काडेपेटीतसुद्धा गोदाम दिसतं. त्याने खटका वर केला, कॉम्प्युटरचा वास घेतला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला की हे कार्ड घर जाळणार. भिंगरी म्हणाली, पहिलाच दिवस आहे. तो म्हणाला, आगीचाही पहिलाच असतो.

मला वाईट वाटलं. पण पोराचं म्हणणं खोटं कसं म्हणू? कार्ड आलं आणि खटका पडला. उघड आहे.

गुरुवार, ता. ९

काल पुन्हा खटका पडला, म्हणून आज न्यायसभा भरली. मुलाने चष्मा लावून कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागावर छापलेला आकडा उतरवला. कार्ड इतके वॅट, आतला मेंदू इतके, पंखे, पडदा, रंगीत दिवे. शिवाय या सगळ्यांना वीज वाटणाऱ्या डब्यावरचे साडेसहाशे. सगळं एकाखाली एक मांडून बेरीज केली, वर उन्हाळ्यासाठी थोडे जास्त धरले. उन्हाळ्याचा काय संबंध असं सूनबाईने विचारलं, तर म्हणाला सावध असलेलं बरं. लग्नातसुद्धा याने दोन जोड जास्तीचे बूट नेले होते, चोरीला जातील म्हणून.

भिंगरी शांतपणे समजावत होती. डब्यावरचा आकडा म्हणजे तो फार तर किती देऊ शकतो ते, खातो ते नव्हे. तो बेरजेत धरायचाच नाही. कार्डावरचाही आकडा कमाल भुकेचा आहे, रोजच्या जेवणाचा नाही. आणि सगळेजण एकाच क्षणी पोटभर जेवत नाहीत. मला पटलं. आपल्याकडे पंगतीचं पातेलं मोठं असतं म्हणून कोणी त्याच्यात बसून जेवत नाही. पण मुलाला कागदावरची बेरीज दिसली की त्याच्यापुढे ब्रह्मदेवही अडाणी.

शेवटी निकाल लागला. आणखी एकदा जरी खटका पडला, तर कार्ड परत आणि कॉम्प्युटर त्याच्या मेहुण्याच्या ऑफिसात. तिथे त्यावर पत्रं टाईप करतील.  भिंगरीची खुर्ची फिरायची थांबली. मला ते फार लागलं.

शनिवार, ता. ११

भिंगरीबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मला कशाला नेलं तर म्हणाली, तू असलीस की दुकानदार कमी थापा मारतो. दुकान म्हणजे बोळ, दोन्ही बाजूंना खोक्यांची भिंत, आत कप्प्यात ठेवल्यासारखा दुकानदार. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच मोठा विजेचा डबा काढून पुढे ठेवला. हा घे, साडेसहाशेच्या जागी हजाराचा, रात्री झोप लागेल.

भिंगरीने विचारलं, डबा मोठा झाला म्हणून घरातला खटका पडायचा थांबेल का? दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, खरं सांगायचं तर नाही. डबा अपुरा असता तर नुसता कॉम्प्युटर बंद पडला असता, खोलीचा दिवा गेला नसता. खोली जाते म्हणजे त्या वायरीवर एकूण ओझंच जास्त आहे. खरी भूक किती ते भिंतीपाशी मोजा.

त्याने एक चिमुकलं मापयंत्र वापरायला दिलं. ते भिंतीतल्या छिद्रात घालायचं, त्याच्या पोटात आपला प्लग घालायचा, की त्याच्यातून जाणारी वीज आकड्यात दिसते. भिंगरी घरी येताना अर्धा रस्ता उड्या मारत होती. मी म्हटलं, माझा हात सोडून उड्या मार, मला गुडघे आहेत.

सोमवार, ता. १३

आज मोजणी झाली. मोजायच्या आधी पेचकस सापडेना. मुलाने सगळे खण उपसले, सूनबाईला दोनदा बोलला, आणि पेचकस त्याच्याच खिशात निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या पोटचा असून असा कसा निपजला, कोण जाणे. आम्ही तरी जिथली वस्तू तिथे बघतो.

त्याने मापयंत्र भिंतीत घातलं, त्याच्यात टेबलाखालचा बोर्ड जोडला, बोर्डावर कॉम्प्युटर आधीपासून होताच. मी पलंगावर पाय पसरून, बोक्याच्या उबेत, साक्षीदार म्हणून बसले. भिंगरीने खेळ लावला. मुलगा यंत्रावर वाकला आणि त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता विम्याचा अर्जच भरतो. दोन हजार चारशेच्या घरात.

भिंगरी म्हणाली, अशक्य. साडेसहाशे देणारा डबा दोन हजार खाईल कसा, भांड्यात मावतं त्याहून जास्त बाहेर येईल का? मुलगा म्हणाला, यंत्राला तुझ्याशी वैर नाही. तेवढ्यात पलंगाखाली टक झालं आणि आकडा धपकन चारशेच्या खाली आला. दोघे पडद्याकडे बघायला लागले. डोंगरावर धुकं आलं होतं. थोड्या वेळाने परत टक, आणि आकडा वर. पडद्यावर नदी आली होती. मग बापलेकीत वाद. ती म्हणे धुक्यात कमी लागते, तो म्हणे मग नदीत एवढी कशाला, पाणी काय पंपाने चढवतात? सूनबाई दारातून म्हणाली, नदीवर जाऊच नका. मी तर हसून हसून उचकी लावून घेतली.

हसू नंतर ओसरलं. मुलाने सांगितलं की खटका पडायची वाट बघण्यात अर्थ नाही, आकडा पुरेसा आहे. उद्या संध्याकाळी कार्ड निघेल.

मग भिंगरी म्हणाली, मला जरा एकटीला बसू द्या. सगळे गेले. मीही बोक्याची शेपटी ओढून त्याला घेऊन निघाले. तिने थांब म्हटलं नाही. खोली तिची आहे. मी रोज येऊन बसते, मध्येच बोलते, मित्रांपुढे तिला लाज आणते. ती नको म्हणत नाही, हा तिचा चांगुलपणा की तिला खरंच हवी असते मी, हे मी कधी विचारलं नाही. विचारल्यावर चांगली पोरगी काय उत्तर देणार? म्हणून विचारतही नाही. हे लिही. लिहिलंस? मान खाली घालून काय लिहितेस, दिसत नाही मला.

मंगळवार, ता. १४

आज सकाळी मी ठरवलं की कार्डाची बाजू मांडायची. न्याय करायचा तर सगळं क्रमाने सांगायला हवं, म्हणून भिंगरीला बसवलं आणि सांगायला लागले. काल आधी मी आत आले. बोक्याला पलंगाखाली सारलं. त्याची शेपटी नेहमीसारखी टेबलाखालच्या बोर्डात खुपसली, कान दोनावर ठेवला. मग मुलाने तो बोर्ड यंत्राला जोडला. मग

इथे पोरीचा हात थांबला. मी म्हटलं, लिही, मग भिंगरीने खेळ लावला. ती लिहीना. माझ्याकडे बघत राहिली. मग जमिनीवर बसली, टेबलाखाली शिरली आणि तिथेच राहिली. तिचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं कार्ड जाणार म्हणून रडतेय, म्हणून मी पायानेच तिची पाठ थोपटली. बाहेर आली तर केसांना जळमटं आणि डोळ्यांत पाणी, आणि तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. दुःखाने माणसं कशी वागतील सांगता येत नाही.

मग म्हणाली, आजी, उद्यापासून बोक्याला स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगमधून वीज देऊ. मी कारण विचारलं. म्हणाली, ती वीज गुडघ्याला जास्त मानवते. म्हटलं असेल बाई. गुडघ्याला काय, कुठल्या भिंतीतून आली ते वाचता येत नाही त्यालाही. आणि माझ्यासमोर तिने बापाला गळ घातली, की गुरुवारी एकदा, फक्त एकदा, पुन्हा मोजा. बाप विरघळला. वरून फत्तर आहे, आतून लोणी. हे त्याला वाचून दाखवू नकोस.

गुरुवार, ता. १६

भिंगरीने कुठूनशी लांब वायर आणली. ती स्वयंपाकघरातून निघून पडद्यामागून, चपलांच्या कपाटामागून माझ्या पलंगापर्यंत येते. बोका खूश, मी खूश.

मोजणी झाली. चारशेच्या आत. मुलाने यंत्र काढून पुन्हा घातलं. चारशेच्या आत. धुक्यात, नदीत, मशाल पेटवताना, कुठेही वर जाईना. त्याने यंत्र उलटं करून हलवलं, जसं काही आकडा आत अडकलाय. भिंगरीने सांगितलं की तिने कार्डाला भुकेची मर्यादा घालून दिलीय, अमुक वॅटच्या वर जायचं नाही, चित्रात फरक जेमतेम पडतो. हे तिने केलंय खरं, मी बघितलंय, एक पट्टी थोडी मागे सरकवली. पण दोन हजारांचं तेवढ्याने चारशे कसं झालं हे ती सांगेना, आणि बापाला विचारायला आकडाच उरला नाही.

खरं कारण मला माहीत आहे. काल दुपारी सगळे बाहेर असताना मी कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवून त्याला चांगला दम भरला होता. म्हटलं, माझी नात कप्तान आहे, तिची लाज राख, खादाडपणा पुरे. शहाण्याला शब्दाचा मार. भिंगरी हे लिहिताना ओठ चावतेय. विश्वास नाही बसत? आकडा बघ.

मुलगा म्हणाला, रविवारपर्यंत राहू दे. पण त्याचा संशय काही मिटलेला नाही. जळालेल्या दुकानात मालक फार हसतमुख असला तर तो दोनदा चौकशी करतो, आणि भिंगरी फार हसतमुख आहे.

सोमवार, ता. २०

काल वही उघडली नाही. काल लिहायला बसायची कोणालाच सवड नव्हती.

दुपारी सामना सुरू झाला. भिंगरीच्या कानावर ते मोठं यंत्र, तोंडापुढे माईक, आणि मी पलंगावर डोळे फाडून. पहिल्या डावात आमची मशाल अर्ध्या वाटेत विझली. दुसरा आम्ही मारला. तिसरा शेवटचा.

तेवढ्यात मुलगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याने ती वायर पाहिली. मग हातात धरली. गरम होती. त्याला आणखी काय हवं? तो वायरीचा माग काढत निघाला, पडद्यामागून, चपलांच्या कपाटामागून, आणि ओणव्याने, रांगत म्हटलं तरी चालेल, भिंगरीच्या खोलीत शिरला. माझ्या पलंगापाशी येऊन खाली डोकावला. तिथे बोका.

ओरडायचं तर माईक चालू. म्हणून तो कुजबुजत मला म्हणाला, "आई, हा आधी कुठल्या प्लगला होता?"

मी पायाच्या अंगठ्याने टेबलाखालचा बोर्ड दाखवला. आणि दाखवता दाखवता माझ्या डोक्यात लख्ख झालं. धुकं, नदी, ती टक टक, सगळं बोक्याचं होतं, तापला की आपोआप बंद आणि निवला की चालू. आठवडाभर चोर माझ्याच पायाशी शेपूट पसरून घुरघुरत होता आणि आम्ही संन्याशाला सुळावर चढवत होतो. पोरगी टेबलाखाली रडत नव्हती. आणि मी त्या कॉम्प्युटरला दम भरला. बिचारा.

मुलाने बोक्याचं बटण बंद केलं. तो काही बोलायच्या आत मीच उठले. म्हटलं, बोक्याला घेऊन मी माझ्या खोलीत बसते. तिथली वायर वेगळी आहे, कोणाचं काही अडणार नाही. काठी घेतली आणि दाराकडे वळले.

भिंगरीने मान वळवली नाही. डोळे डोंगरावर, हात बटणांवर. पण माईकमध्ये, टोळीला, समोरच्या पाच जणांना, बघणाऱ्या झाडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी हलली तर मी खेळणार नाही."

 मग तिच्या कानातून पोरांचा गलका इतका मोठा आला, की मला पलंगापर्यंत ऐकू आला. आजीला बसवा, आजीला बसवा. आता टोळीचाच हुकूम, मी काय करणार. बसले.

बोका बंद, गुडघे गार पडायला लागले. मुलगा उभा होता. मग तोही पलंगावर बसला, माझे पाय उचलून मांडीवर घेतले आणि वर आपला कोट टाकला. तोंडाने पुटपुटत होता, दोन हजार, दोन हजार, मी उन्हाळ्याचेही धरले होते. आणि पुटपुटता पुटपुटता डोंगराकडे बघायला लागला. मशाल शेवटच्या चढावर होती. मी म्हटलं, उजवीकडचं झुडूप. त्याच वेळी तो म्हणाला, उजवीकडचं झुडूप. भिंगरीने दोन बाण सोडले. दोन माणसं पडली. मशाल वर पोचली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. खुर्ची गरगर फिरत होती, सूनबाई धावत आली तिला वाटलं आग लागली, आणि माझा मुलगा, जळक्या दुकानांचा न्यायाधीश, माझे पाय मांडीवर घेऊन शिट्टी वाजवत होता. कार्ड घरात राहिलं. दुपारी वायरमन येणार आहे, बोक्यासाठी भिंगरीच्या खोलीत वेगळी जाड वायर आणि वेगळा खटका. मुलानेच बोलावलं. ती लांब वायर मात्र त्याने गुंडाळून ऑफिसात नेली, लोकांना दाखवायला.

आता भिंगरीने काल काय म्हटलं ते पुन्हा लिहायचं. ती म्हणते, वर एकदा लिहिलंय. मी म्हटलं वही माझी आहे, अक्षर तुझं असलं तरी. लिही. आजी हलली तर मी खेळणार नाही.

आणखी एकदा.

आजी हलली तर मी खेळणार नाही.